कंपनीत पोरगं शिकतंय की नुसतं राबतंय? वाचकांची पत्रं आणि उत्तरं

गेल्या अंकात अप्रेंटिसशिपवर, म्हणजे कंपनीत काम करत करत हुन्नर शिकण्यावर, मी जेमतेम दहा ओळी लिहिल्या होत्या आणि त्यावर एवढी पत्रं आली की संपादकांनी या वेळी आख्खं सदरच त्याला दिलंय. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, पण बऱ्याच पत्रांत तेच तेच प्रश्न आहेत म्हणून सहा निवडली. मी स्वतः पिंपरीच्या एका टूल रूममध्ये, म्हणजे पार्ट घडवायचे साचे (डाय) बनवणाऱ्या शॉपमध्ये, अप्रेंटिस म्हणून लागलो आणि पुढं बरीच वर्षं तिथंच पोरांना शिकवत रिटायर झालो, त्यामुळे जे सांगतोय ते शॉप फ्लोअरवर उभं राहून पाहिलेलं सांगतोय.

"माझ्या मुलाचं फिटरचं आयटीआय झालं आणि चार महिन्यांपासून तो चाकणला एका कंपनीत अप्रेंटिस आहे. अजून त्याला मशीनला हात लावू दिलेला नाही, पॅकिंगला उभं करतात, नाहीतर गाडीतला माल उतरवायला. स्टायपेंड ७,००० सांगितला होता, खात्यात ५,५०० च येतात. वर आठवड्यातनं दोन-तीन वेळा बारा बारा तास थांबवतात. तो म्हणतो सगळं सोडून घरी येतो. काय करू?" — एक आई, बार्शी

ताई, आधी पैशाचं बोलू, कारण ते बहुतेक कुणी खाल्लेले नाहीत. अप्रेंटिसच्या स्टायपेंडमधला काही भाग केंद्र सरकार देतं, २५ टक्के, पण जास्तीत जास्त १,५०० रुपये. पूर्वी ते कंपनीला परत मिळायचे, आता थेट पोराच्या खात्यात येतात, आणि येतात ते आधारला जोडलेल्या खात्यात. म्हणजे कंपनीचे ५,५०० पगाराच्या खात्यात आणि सरकारचे १,५०० कुठल्यातरी दुसऱ्याच खात्यात असं होऊ शकतं. बऱ्याच पोरांचं आधार शाळेत असताना स्कॉलरशिपसाठी काढलेल्या जुन्या खात्याला जोडलेलं असतं आणि त्या पासबुकाकडे वर्षानुवर्षं कुणी बघितलेलं नसतं. तुमच्याकडे घरात असं पासबुक असेल तर आधी भरून आणा. आणि तिथंही नसतील तर आधार कुठल्या खात्याला जोडलंय ते बँकेत विचारा, मग कंपनीत विचारायचं.

म्हणजे आकडा जर ५,५०० असा नेमका येतोय तर एक चांगली गोष्ट कळते, पोराचा करार बहुधा रीतसर सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदलेला आहे. हे मी मुद्दाम सांगतोय कारण कितीतरी पोरं स्वतःला अप्रेंटिस समजतात आणि असतात ठेकेदाराकडची ट्रेनी. ओळखायची खूण सोपी आहे, पगाराच्या स्लिपवर पीएफ किंवा ईएसआय कापलेला दिसला तर तो कायद्याच्या भाषेत अप्रेंटिस नाही, कारण १९६१ च्या अप्रेंटिस कायद्यात तो कामगार नसतो, शिकाऊ असतो, त्याचा पीएफ कापतच नाहीत. तरी त्याला सांगा की पोर्टलवर लॉगिन करून स्वतःचा करार उघड आणि त्यावर ट्रेड काय लिहिलाय, कधीपासून कधीपर्यंत, स्टायपेंड किती, हे वहीत उतरवून घे.

आता बारा तासांचं. अप्रेंटिसला ओव्हरटाइम लावायचा असेल तर सरकारच्या अप्रेंटिसशिप सल्लागाराची परवानगी लागते, आणि ती पण शिकण्याच्या फायद्याचं असेल किंवा तसं काही सार्वजनिक कारण असेल तरच. डिस्पॅचची घाई आहे म्हणून पोराला थांबवता येत नाही. नगावर पैसे देता येत नाहीत, जास्त माल काढला म्हणून इन्सेंटिव्ह लावता येत नाही. त्याला प्रॉडक्शनच्या शर्यतीत उतरवायचंच नाही म्हणून कायद्यात तसं लिहिलंय. आणि स्टायपेंड पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत मिळायला हवा. कामावर इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकाची, हेही लक्षात असू द्या, देव न करो.

राहिलं पॅकिंग. पंधरा दिवस पॅकिंगला उभं राहिला तर मी काही म्हणणार नाही, फिटरला माहीत पाहिजे की आपण बसवलेला पार्ट शेवटी कसा जातो, कुठं घासतो, कुठं गंजतो. पण चार महिने म्हणजे त्याला हेल्पर म्हणून वापरून घेतायत. फिटर ट्रेडचा अप्रेंटिसशिपचा अभ्यासक्रम ठरलेला आहे, आयटीआय करून आलेल्याला साधारण एक वर्ष मिळतं, त्यातले चार महिने गेले, आणि शेवटी परीक्षा द्यायचीय तेव्हाच राष्ट्रीय प्रमाणपत्र हातात पडतं. त्या परीक्षेत कुणी खोके चिकटवायला लावत नाही.

मी पोराला दोन कामं सांगतो. पहिलं, आज रात्रीपासून डायरी. लांबलचक नको, रोज चार ओळी, तारीख, शिफ्ट, काय काम केलं, कुणी दाखवलं. "डिस्पॅच, दिवसभर पॅकिंग, कुणी नाही." असंच लिही बाबा, खोटं चांगलं लिहू नको. "असेंब्लीला दोन तास, बेअरिंग कसं बसवतात ते अमक्या मिस्त्रीनं दाखवलं." महिन्याभरात ती वही बघितली की कुणालाही कळतं की हे पोरगं शिकतंय की राबतंय, बोलायची गरजच पडत नाही. दुसरं, ती वही घेऊन आधी कंपनीतल्या ट्रेनिंग बघणाऱ्या माणसाकडे जायचं, नसेल तर एचआरकडे, आणि भांडायचं नाही, एवढंच विचारायचं की सर माझा ट्रेनिंगचा प्लॅन बघायला मिळेल का आणि मला कुणाच्या हाताखाली दिलंय. मला वाटतं निम्म्या ठिकाणी एवढ्यानं काम होतं, कारण सुपरवायझरला माणूस कमी पडला म्हणून पोरगं तिकडं गेलेलं असतं आणि वरच्यांना पत्ताच नसतो. तरीही नाही झालं तर जिल्ह्याच्या बीटीआरआय केंद्रात, म्हणजे अप्रेंटिसच्या प्राथमिक प्रशिक्षणाच्या सरकारी केंद्रात, जायचं, मोठ्या सरकारी आयटीआयच्या आवारातच असतं बऱ्याचदा, तिथं सहायक अप्रेंटिसशिप सल्लागार बसतात, त्यांना लेखी अर्ज द्यायचा, सोबत डायरीची झेरॉक्स आणि कराराची प्रत, आणि आवकच्या शिक्क्याची पोच घ्यायची. न सांगता बॅग भरून घरी मात्र येऊ नको म्हणावं, करार मध्येच मोडला तर दोष त्याच्या नावावर लागतो.

आणि ताई, तो सोडून येतो म्हणतोय त्यामागं कष्टाचा कंटाळा असेल असं मला तुमच्या पत्रावरून वाटत नाही. मी लागलो तेव्हा आमच्या उस्तादांनी पहिल्याच दिवशी माइल्ड स्टीलचा एक ओबडधोबड ठोकळा हातात दिला आणि फाइल. बस. त्याच्या सहाही बाजू सपाट आणि एकमेकींना काटकोनात आणायच्या. तास दोन तास घासायचं, मग ट्राय स्क्वेअर (काटकोन तपासायची पट्टी) लावून ठोकळा डोळ्यासमोर ट्यूबलाइटकडे धरायचा, पात्याखालून बारीक जरी उजेड दिसला की परत व्हाइसमध्ये. हाताला फोड आले, दोन आठवडे रात्री ताट धरता येत नव्हतं. पण ज्या दिवशी त्या फटीतून काही म्हणजे काही दिसलं नाही त्या दिवशी उस्ताद काही बोलले नाहीत, फक्त ठोकळा स्वतःच्या टेबलावर ठेवून घेतला, आणि मी घरी चालत गेलो, बसचे पैसे असून. तुमच्या पोराला कष्ट पडतायत म्हणून तो रडत नाहीये हो, त्याचा ठोकळा बघायला कुणी नाहीये.

"शिरोलीत माझं छोटं मशीन शॉप आहे, कॉम्प्युटरवर चालणारी दोन सीएनसी आणि एक व्हीएमसी मशीन, बाकी जुनी लेथ. अकरा माणसं. ऑपरेटर मिळत नाही म्हणून पोरं घेतो, शिकवतो, आणि वर्षभरात हजार-दोन हजार जास्त मिळाले की शेजारच्या फौंड्रीत नाहीतर पुण्याला पळतात. आता अप्रेंटिस घ्या असं सीए सांगतोय. आमच्यासारख्यांना परवडतं का? आणि शिकवून उपयोग काय?" — एक उद्योजक, कोल्हापूर

दादा, तुमच्यावर सक्ती नाही, हे आधी. ज्यांच्याकडे ३० किंवा जास्त माणसं आहेत, कंत्राटी धरून, त्यांनी अप्रेंटिस घेतलेच पाहिजेत, मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के. ४ ते २९ माणसांच्या जागेला मर्जीवर आहे. तुम्ही ११ वाले, म्हणजे एक पोरगं घेतलं तरी आरामात बसतं. खर्चाचं म्हणाल तर २०१९ च्या नियमात किमान स्टायपेंड दहावीवाल्याला ६,०००, आयटीआयवाल्याला ७,०००, डिप्लोमाला ८,००० असा धरलाय, दुसऱ्या वर्षी १० टक्के वाढ, त्यातले वर सांगितलेले जास्तीत जास्त १,५०० सरकार देतं. आयटीआयचं पोरगं घ्या, पहिल्यांदा करताय तर. अगदी कोरं घेतलं तर आधी बेसिक ट्रेनिंगची व्यवस्था करावी लागते आणि ते अकरा माणसांच्या शॉपला जड जातं. कागदपत्रांचा कंटाळा असेल तर ते काम करून देणाऱ्या संस्था आहेत, आणि तुमच्या तिथल्या असोसिएशनमध्ये विचारलंत तर कुणीतरी आधी केलेला भेटेलच.

आता तुमचा खरा प्रश्न, पळून जातात त्याचं काय. रागावू नका पण एक विचारतो. वर्षभरात त्याला तुम्ही काय शिकवलं, कागदावर लिहून दाखवता येईल का? बहुतेक शॉपमध्ये शिकवणं म्हणजे एवढंच असतं की जॉब चकमध्ये लाव, दार बंद कर, हिरवं बटण दाब, निघालेला जॉब गो-नो गो गेजमध्ये, म्हणजे माप बसतं की नाही एवढंच सांगणाऱ्या गेजमध्ये, घालून बघ. हे पंधरा दिवसांत येतं. पुढचे साडेअकरा महिने तो तेच करतो आणि त्याला कळतं की इथं आपण बटण दाबतोय आणि तिथंही बटणच दाबायचंय, मग हजार रुपये जास्त देणाऱ्याकडे दाबू. यात त्याची चूक काय आहे? त्याला सेटिंग शिकवलं असतं, इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक) बदलल्यावर ऑफसेट (मापातला फरक मशीनला) कसा द्यायचा, फिनिश खराब आला तर स्पीड बघायचा की फीड बघायचा की टूलच गेलंय, ड्रॉइंगवरची टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारी कमी-जास्ती, वाचून हा जॉब रिवर्क होईल की स्क्रॅपला जाईल हे ठरवायचं, तर एक तर तो थांबला असता कारण अजून शिकायचं बाकी आहे असं त्याला वाटलं असतं, नाहीतर निदान जाईपर्यंत तुमचं रिजेक्शन तरी कमी करून गेला असता.

मी तुम्हाला एक करायला सांगतो. तुमच्याकडे सगळ्यात जुना सेटर, म्हणजे मशीन लावून देणारा, जो असेल त्याला शनिवारी चहाला बसवा आणि विचारा की तुला जे येतं ते सहा महिन्यांत पोराला द्यायचं तर कुठल्या क्रमानं देशील. तो आधी म्हणेल असं काही सांगता येत नाही साहेब, हाताला लागतं. थांबा. परत विचारा. मग तो सांगायला लागेल, आधी मोजायला शिकवीन, मायक्रोमीटर, कारण पोरं टोकाचं रॅचेट (ठराविक दाबाला घसरणारं) सोडून थिंबल (फिरवायची नळी) आवळतात आणि मिलीमीटरच्या दोन-तीन शतांशाची चूक तिथंच होते. ते लिहून घ्या. तोच तुमचा ट्रेनिंग प्लॅन, आणि कुठल्याही सल्लागारानं करून दिलेल्या पीपीटीपेक्षा तो चांगला असणार. मग त्या सेटरला रोज एक तास मोकळा द्या, खरंच मोकळा, त्या तासाचं प्रॉडक्शन त्याच्याकडून मागायचं नाही, आणि महिन्याला काही पैसे वर द्या शिकवण्याचे. इथंच सगळे हात आखडता घेतात. पोराच्या सात हजारांचा हिशेब होतो आणि उस्तादाच्या एका तासाचा होत नाही, आणि माझ्या मते अप्रेंटिसशिप फसते ती तिथं फसते, कायद्यात नाही आणि पोरांच्या वृत्तीत तर नाहीच.

तुमचं गाव तर याच पद्धतीनं मोठं झालेलं आहे. उद्यमनगरात शेजारच्या शॉपमध्ये उभं राहून, हातात घेऊन, चुकून शिकलेल्या मिस्त्रींनीच शॉपं काढली. आणि तुमच्यापासून लांब नाही, कुंडलच्या माळावर १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडी वसवली तेव्हा तिथं तयार फिटर-मोल्डर कोण आणून देणार होतं, आजूबाजूच्या खेड्यातली साधी माणसंच घडवावी लागली, आणि त्यातली कितीतरी पुढं बाहेर पडली असतील, त्यानं कारखाना बुडाला नाही. तुमच्याकडून गेलेलं पोरगं उद्या तुमचं जॉबवर्क घेऊन येईल, कोल्हापुरात हे नवीन नाही, तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहितीय.

"मी बारावी सायन्स केलंय, पैठण तालुक्यातली आहे. मला टूल अँड डाय शिकायचंय, मशीनवर काम करायचंय, मामाच्या कंपनीत एकदा बघितलं होतं तेव्हापासून. घरचे म्हणतात मुलीनं ते काळं काम कशाला, कॉम्प्युटर किंवा शिवणकाम कर. मी काय सांगू त्यांना?" — एक विद्यार्थिनी

पोरी, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. घरच्यांना वाद घालून पटणार नाही, त्यांना नेऊन दाखव. छत्रपती संभाजीनगरला इंडो जर्मन टूल रूम आहे, केंद्राची संस्था आहे, टूल अँड डाय मेकिंगचे कोर्स तिथं चालतात. आई-वडिलांना घेऊन एक दिवस जा, परवानगी काढून वर्कशॉप बघा, मुली मशीनवर उभ्या असतील त्यांच्याशी आईला बोलू दे, तू मध्ये बोलू नको. हॉस्टेलचं विचारा, फी विचारा, मागच्या बॅचच्या मुली आता कुठं आहेत ते विचारा. आई हे प्रश्न तुझ्यापेक्षा चांगले विचारेल.

"काळं काम" म्हणतात ते जुन्या लेथचं चित्र डोक्यात आहे म्हणून. आता डाय बनवायची म्हणजे आधी कॉम्प्युटरवर मॉडेल, मग प्रोग्राम, मग व्हीएमसी, मग विजेच्या ठिणगीनं धातू कापणारी वायरकट आणि ईडीएम, म्हणजे घरच्यांना कॉम्प्युटर हवाय तर तो यात आहेच. तेल-चिखल होतोच थोडा, खोटं सांगणार नाही, आणि शेवटचं पॉलिशिंग, फिटिंग हातानंच असतं, तिथंच कारागीर कळतो. पुण्यात टाटा मोटर्सच्या कार प्लांटमध्ये हॅरियर आणि सफारीची आख्खी असेंब्ली लाइन बायका चालवतात, हे वडिलांना सांग, त्यांना ती गाडी माहीत असेल.

तिथं नंबर नाही लागला तर सरकारी आयटीआयचा मशिनिस्ट किंवा टूल अँड डाय मेकर ट्रेड बघ. दोन वर्षांचा आयटीआय झाला की पॉलिटेक्निकला थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, तुझं तर बारावी सायन्स आहे म्हणून तो रस्ता आत्ताही उघडा आहे. पण थेट डिप्लोमाला गेलीस तरी सुट्टीत कुठल्यातरी शॉपमध्ये उभी राहा, मामाच्या कंपनीत विचार. आणि अप्रेंटिस म्हणून कुठं लागायच्या आधी तीन गोष्टी बघायच्या, मुलींसाठी वेगळं स्वच्छ बाथरूम आहे का, शिफ्टला बस आहे का, आणि तुझ्या आधी तिथं किती मुली शिकून गेल्या. तिसऱ्याचं उत्तर एकही नाही असं आलं तरी जायला हरकत नाही, फक्त मग तुझा उस्ताद कोण हे लागायच्या आधी भेटून बघ. पुढच्या वर्षी काय झालं ते मला कळव, नक्की.

"मी बीकॉम आहे. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षणात तालुक्याच्या एका कार्यालयात ११ महिने काढले. आता कालावधी संपला. हीच अप्रेंटिसशिप म्हणायची का? पुढं कायम करतील का?" — एक वाचक, लातूर

नाही, ही अप्रेंटिसशिप नव्हे. राज्य सरकारनं २०२४ मध्ये ती योजना आणली, बारावीला ६,०००, आयटीआय-डिप्लोमाला ८,०००, पदवीला १०,००० महिना, आधी सहा महिने होती मग पाच वाढवले. त्यात अप्रेंटिस कायद्याचा करार नाही, ट्रेड नाही, शेवटी परीक्षा नाही. आणि कायम करण्याचं तिच्यात कुठंही लिहिलेलं नाही, त्या आशेवर अजून एक वर्ष बसू नका ही माझी कळकळीची विनंती, कारण तुमच्यासारखी पन्नास पत्रं तरी माझ्याकडे पडलीयत आणि ती वाचताना फार वाईट वाटतं. प्रमाणपत्र घ्या, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्या कार्यालयात तुम्ही प्रत्यक्ष काय केलं, रजिस्टर, ऑनलाइन नोंदी, हिशेब, ते एका पानावर लिहून काढा, मुलाखतीत तेच विचारतात. पदवीधरांसाठी केंद्राची एनएटीएस म्हणून वेगळी अप्रेंटिसशिप आहे, आता बीए-बीकॉमलाही असते, पदवीधराला किमान ९,००० धरलेत २०१९ च्या नियमात, त्यावर नोंदणी करा आणि आधीच्या प्रशिक्षणाची माहिती लपवू नका. बीकॉमला मी म्हणेन की जीएसटी आणि टॅली जिथं रोज हाताखालून जातं अशा जागी जा, पैसे थोडे कमी मिळाले तरी.

"मुलानं इलेक्ट्रिशियनचं आयटीआय केलंय. एक एजंट म्हणतो जर्मनीत आउसबिल्डुंगला पाठवतो, चार लाख द्या, तिथं महिना लाख रुपये मिळतात. शेत गहाण टाकावं लागेल. खरं आहे का हे?" — एक वडील, कराड

भाऊ, शेताचं थांबवा आधी. आउसबिल्डुंग, म्हणजे तिथली अप्रेंटिसशिप, खरी आहे आणि फार चांगली आहे, पण ती शिकण्यासाठी तिथली कंपनी पोराकडून पैसे घेत नाही, उलट त्यालाच महिन्याला पैसे देते. कायद्यानं किमान रक्कम ठरलेली आहे, २०२५ मध्ये सुरू करणाऱ्याला पहिल्या वर्षी महिना ६८२ युरो, बऱ्याच ट्रेडमध्ये त्याहून जास्त मिळतात, पण राहणं-खाणं सगळं त्यातूनच भागवायचं असतं. म्हणजे लाखाचा आकडा ऐकून घरी पैसे पाठवेल असं धरून चालू नका पहिली तीन वर्षं. व्हिसाला सहसा जर्मन भाषा बी-१ पातळीपर्यंत लागते आणि ती शिकायला मन लावून आठ-दहा महिने तरी जातात. तेव्हा चार लाखांच्या आधी भाषेचा क्लास, पुण्या-मुंबईत जर्मन शिकवणारं मॅक्स म्युलर भवन आहे, तिथली परीक्षा चालते. पोरगं ए-२, म्हणजे बी-१ च्या खालच्या पायरीपर्यंत टिकलं तर पुढचं बोलू. आणि एजंटला एकच विचारा, कंपनीनं सही केलेला करार दाखव. करार नसेल तर पैसे नाहीत. आपल्या राज्य सरकारनं फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार केलेला आहे, तेव्हा सरकारी वाटेची चौकशी आयटीआयमध्येही करा.

तिथलं मला आवडतं ते वेगळंच आहे. पोरगं आठवड्यातले तीन-चार दिवस कंपनीत आणि एक-दोन दिवस व्यवसाय शाळेत, साधारण तीन ते साडेतीन वर्षं. परीक्षा कंपनी घेत नाही आणि शाळाही घेत नाही, उद्योजकांचं चेंबर घेतं, म्हणजे कंपनीनं पॅकिंगला उभं केलं तर पोरगं नापास होतं आणि चेंबरच्या लोकांना कळतं कुणाकडचं नापास झालं. आणि शिकवणाऱ्याला नुसतं काम येऊन चालत नाही, शिकवायचं कसं याची वेगळी परीक्षा त्याला द्यावी लागते. बार्शीच्या ताईंचं पत्र वाचताना मला सारखं हेच आठवत होतं. आपल्याकडे पोरानं काय शिकावं याचे अभ्यासक्रम आहेत, पोर्टल आहे, अनुदान आहे, पण शॉपमधल्या उस्तादाला कुणी विचारत नाही की बाबा तुला वेळ आहे का, तुला शिकवायला येतं का.

"मी टर्नर, ३६ वर्षं लेथवर काढली, आता रिटायर. सातवी शिकलोय. गावातली पोरं मोबाइल घेऊन बसलेली बघवत नाहीत, त्यांना शिकवावं वाटतं. आयटीआयमध्ये विचारलं तर सर्टिफिकेट मागतात. माझ्यासारख्यानं काय करावं?" — एक मिस्त्री, वाळवा तालुका

मिस्त्री, आयटीआयवाले नियमानं बरोबर आहेत, निदेशक, म्हणजे आयटीआयचा शिक्षक, व्हायला ट्रेडचं प्रमाणपत्र आणि शिकवण्याचं प्रशिक्षण लागतं, त्यांच्यावर रागावू नका. तुम्ही गावातल्या हायस्कूलमध्ये जा. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला, हातानं काम करत शिकायचं हीच तिथली पद्धत, वेल्डिंग, बांधकाम, शेती, वीज, सगळं पोरं करून शिकतात, आणि त्यांचा मूलभूत तंत्रज्ञानाचा विषय नंतर राज्यातल्या बऱ्याच शाळांत आठवी ते दहावीला गेला. त्यात शिकवायला गावातलेच कारागीर घेतात, सुतार, वायरमन, शेतकरी. तुमच्या आसपासच्या कुठल्या शाळेत तो विषय आहे ते पंचायत समितीच्या शिक्षण विभागात विचारा. आणि नसला तरी हेडमास्तरांना भेटून शनिवारचे दोन तास मागा.

लेथ नाही म्हणून अडू नका. पाच-सहा हॅकसॉ, फाइली, एक व्हाइस, स्टील रूल, सेंटर पंच, दोन ट्राय स्क्वेअर, एवढ्यात वीस पोरांचं वर्षभर चालतं. वीस एकदम घेऊ नका, सहा-सहा घ्या. फाइलला मूठ घट्ट बसलेली आहे का ते रोज स्वतः बघा, पोरांचा तळहात तिथंच फाटतो. हॅकसॉचं पातं उलटं लावलेलं असतं दर दुसऱ्या वेळी. पहिला जॉब मोठा देऊ नका, वीस मिलीची पट्टी कापून चारी कडा घासायची आणि मध्ये एक भोक, किल्ल्यांना अडकवायला, पोरगं ते घरी नेतं आणि आईला दाखवतं, पुढच्या शनिवारी ते न बोलावता येतं. आणि तुमची जाडी मोजायची जुनी व्हर्नियर जर अजून पेटीत असेल, जॉ घासलेला असला तरी चालेल, ती भंगारात देऊ नका. पोरांच्या हातात ती द्या आणि एक पोस्टकार्ड किती जाड असतं ते मोजायला सांगा.